जखमेनंतरचा पंधरवडा

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात गंभीर जखमी झालेल्या माणसाला उपचारासाठी लांबचा पल्ला गाठावा लागतो. डिग्गीच्या परिसरात उगम पावणारी काळी नदी, तिच्यावरचा सुपा धरणाचा जलाशय, अणशीचा घाट आणि या सगळ्याला वेढून असलेले रान असा हा मुलूख आहे. त्याचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. वाड्या विखुरलेल्या आहेत आणि पावसाळ्यात घाटरस्त्यावर दरडी येतात. इथल्या दुखापतीही या भूगोलाच्याच असतात: ओल्या वळणावर घसरलेली दुचाकी, रामनगरहून अनमोडकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ट्रकची धडक, झाडावरून पडणे, रानात अवचित समोर आलेले अस्वल. अस्वल बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर झडप घालते. प्राथमिक उपचार जोयड्यात किंवा दांडेलीत होतात. पण पोटात रक्तस्राव असेल, कंबरेचे हाड मोडले असेल, मेंदूला मार असेल, तर कारवार, बेळगाव, हुबळी किंवा गोव्यातले बांबोळी गाठावे लागते. ११ जानेवारी २०२१ रोजी केंद्रीय मंत्री श्रीपाद नाईक यांच्या मोटारीला याच उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याजवळ अपघात झाला. त्यात त्यांच्या पत्नी विजया यांचे निधन झाले आणि नाईक यांना त्याच रात्री बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागले. तिथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात ते घरी परतले. केंद्रीय मंत्र्यालाही राज्याची सीमा ओलांडावी लागली, मग अणशीच्या वाडीतल्या मजुराची गोष्ट वेगळी सांगायला नको.

अशा वेळी घरच्यांचा सगळा जीव एका गोष्टीत गुंतलेला असतो: माणूस जिवंत दवाखान्यात पोचला पाहिजे. ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी रक्तस्राव थांबल्याचे सांगितले, की आता धोका टळला असे सगळ्यांना वाटते. ही समजूत अर्धीच खरी आहे. डोनाल्ड ट्रंकी या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या अपघाती मृत्यूंचा वेळेनुसार आलेख मांडला, तेव्हा त्यात तीन उंचवटे दिसले. पहिला जागच्या जागी होणाऱ्या मृत्यूंचा, दुसरा काही तासांतल्या मृत्यूंचा, म्हणजे मुख्यतः रक्तस्रावाचा, आणि तिसरा काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी होणाऱ्या मृत्यूंचा. या तिसऱ्या गटातली माणसे दवाखान्यात पोचलेली होती. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, काहींनी डोळेही उघडले होते. मग न्यूमोनिया झाला, रक्तात जंतू पसरले, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे एकामागून एक निकामी झाली. हे प्रकरण या तिसऱ्या गटाबद्दल आहे. त्यातला मुद्दा असा की मोठी जखम किंवा मोठी शस्त्रक्रिया शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा एकाच वेळी भडकवते आणि खचवते. हे काम बाहेरचे जंतू करत नाहीत, खुद्द जखमच करते. म्हणून पहिल्या काही तासांत आपण काय करतो यावर पुढच्या पंधरवड्याचे भवितव्य ठरते.

जंतू नसताना प्रतिकारयंत्रणा भडकते कशी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अवघडच होता. प्रतिकारयंत्रणेचे काम आपले आणि परके ओळखणे, असे तोवरच्या पाठ्यपुस्तकांत शिकवले जाई. मोडलेल्या मांडीच्या हाडात परके काहीच नसते. १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर यांनी निराळा विचार मांडला: ही यंत्रणा परकेपणापेक्षा धोक्याला प्रतिसाद देते, आणि फुटलेल्या पेशींतून सांडणारा ऐवज हाच त्या धोक्याचा संकेत असतो. याचा फार देखणा पुरावा २०१० साली बोस्टनमधल्या कार्ल हाउझर आणि सहकाऱ्यांनी दिला. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया असतात. अब्जावधी वर्षांपूर्वी हे स्वतंत्र जिवाणू होते, मोठ्या पेशीत शिरून कायमचे राहिले, असे जीवशास्त्र मानते, आणि त्यांच्या डीएनएवर आजही त्या वंशाच्या खुणा आहेत. स्नायू चिरडले, हाडे फुटली की तंतुकणिकांचे तुकडे रक्तात येतात. जखमी रुग्णांच्या रक्तात या डीएनएचे प्रमाण निरोगी माणसांच्या कित्येक पट असल्याचे हाउझर यांच्या गटाला आढळले. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जिवाणू ओळखण्यासाठी जे ग्राहक वापरतात, तेच ग्राहक हे तुकडेही चेतवतात. त्यामुळे आपल्याच फुटलेल्या पेशींना शरीर रक्तात शिरलेल्या जंतूंसारखे वागवते. ताप येतो, नाडी वाढते, पांढऱ्या पेशींची संख्या दर घनमिलिमीटरला चार ते अकरा हजारांच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर जाते, चेतलेल्या पेशी फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकून तिथलीच इजा वाढवतात. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आलेला ताप पाहून घरचे लोक घाबरतात. बऱ्याचदा त्या तापामागे संसर्ग नसतो, चिरलेल्या ऊतींचा हा संदेश असतो. यकृतात तयार होणारे सीआरपी नावाचे प्रथिन साध्या शस्त्रक्रियेनंतरही दोन-तीन दिवस चढत राहते. अनुभवी डॉक्टर त्याच्या पहिल्या चढाला फार महत्त्व देत नाहीत. चौथ्या दिवशी तो उतरतो की नाही, याकडे त्यांचे लक्ष असते.

भडकण्याची बाजू तापातून आणि नाडीतून दिसते. खचण्याची बाजू लपलेली असते, म्हणून तिचा पुरावा जरा बारकाईने पाहायला हवा. मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात मीकिन्स, मॅकलीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात एक सोपी चाचणी केली. बहुतेकांच्या शरीराला परिचित असलेले काही जंतुजन्य पदार्थ त्वचेत टोचायचे आणि दोन दिवसांत तिथे गाठ येते का पाहायचे. क्षयाच्या चाचणीत हाताच्या कोपराखालच्या भागावर हेच पाहतात. गंभीर जखमी आणि मोठ्या शस्त्रक्रियेतून गेलेल्या अनेक रुग्णांच्या त्वचेवर काहीच उमटले नाही; आणि ज्यांच्या त्वचेवर काही उमटले नाही, त्यांच्यात जंतुसंसर्गाने मरण्याचे प्रमाण बरेच जास्त निघाले. पुढे कारणे उलगडत गेली. मोनोसाइट नावाच्या पेशी गिळलेल्या जंतूचा तुकडा एका रेणूवर मांडून लसिकापेशींना दाखवतात. मोठ्या दुखापतीनंतर तो रेणू त्यांच्या पृष्ठभागावरून कमी होतो. आठवड्याभरात तो पूर्ववत झाला तर रुग्ण सहसा सुधारतो, न झाला तर संसर्गाचा धोका वाढतो. लसिकापेशींची संख्याच घटते आणि उरलेल्यांना वाढीसाठी लागणारे आर्जिनिन हे अमिनो आम्ल तोडणारे विकर रक्तात वाढलेले असते. भाजलेल्या रुग्णांत तर हे डोळ्यांना दिसते. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी उभी राहिली. तिथे मृत्यूनंतर दान केलेली त्वचा साठवून भाजलेल्यांच्या जखमांवर तात्पुरते आच्छादन म्हणून लावतात. परक्या माणसाची त्वचा शरीर एरवी दोन-तीन आठवड्यांत झिडकारते. ज्यांचे अंग मोठ्या प्रमाणात भाजले आहे त्यांच्यात मात्र ती जास्त काळ टिकते, कारण झिडकारणारी यंत्रणाच दुबळी झालेली असते. दात्याची त्वचा ज्या दुबळेपणामुळे टिकते, त्याच दुबळेपणामुळे जंतूही टिकतात.

आधी भडका आणि मग थकवा, असा क्रम बरीच वर्षे मानला जात होता. पहिल्या आठवड्यात दाह आवरायचा, दुसऱ्या आठवड्यात प्रतिकार वाढवायचा, असा उपचाराचा आराखडाही त्यावरून मनात तयार होई. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा क्रम मोडून काढला. १६७ गंभीर जखमी रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे जनुकीय कामकाज अपघातानंतर बारा तासांच्या आतपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत तपासले गेले. या पेशींच्या ८० टक्क्यांहून अधिक जनुकांचे कामकाज बदललेले निघाले, आणि दाहाची जनुके चढत असतानाच, त्याच काही तासांत, लसिकापेशींच्या प्रशिक्षित प्रतिकाराची जनुके उतरत होती. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जे रुग्ण सुरळीत बरे झाले आणि ज्यांची गुंतागुंत झाली, त्यांच्यातले बदल जातीने वेगळे नव्हते. बदल तेच होते, फक्त दुसऱ्या गटात ते तीव्र होते आणि निवळायला अधिक दिवस लागले. म्हणजे घातक प्रतिक्रिया आणि उपकारक प्रतिक्रिया अशा दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एकच प्रतिक्रिया आहे, आणि तिची मात्रा व मुदत यांवर सगळे अवलंबून आहे. या निष्कर्षाला मी फार मोल देतो, कारण मात्रा आणि मुदत या दोन्ही गोष्टी काही अंशी आपल्या हातात असतात.

इथे एक आक्षेप साहजिक आहे. गरज सर्वांत जास्त असताना शरीर आपलाच प्रतिकार का कमी करेल? उत्क्रांतीने असा घातक स्वभाव टिकू दिलाच कसा? याचे उत्तर दोन पायऱ्यांत देता येते. फुटलेल्या ऊतींतून शरीराची स्वतःचीच असंख्य प्रथिने उघड्यावर येतात. भडकलेल्या यंत्रणेने त्यांच्यावर कायमचा दावा धरला तर जखम भरेल, पण माणूस स्वतःच्याच सांध्यांशी, यकृताशी, मज्जातंतूंशी झगडत राहील. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून रानात आधीच जाळरेषा काढतात, झाडोरा आपणच हटवून एक पट्टा उघडा करतात. शरीरही तसेच स्वतःला आखडते. अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल सुटते, दाह शमवणारी इंटरल्यूकिन-१० सारखी द्रव्ये तयार होतात, मेंदूतून निघणारा व्हेगस मज्जातंतूही दाहाला लगाम घालतो. छोट्या जखमेत हा लगाम अगदी योग्य ठरतो. दुसरी पायरी अशी, की निसर्गाने मोठ्या जखमेसाठी ही यंत्रणा कधी पारखलीच नाही. कंबरेचे हाड चुरडलेला, यकृत फाटलेला माणूस लाखो वर्षे काही तासांतच मरत आला. शिरेतून द्रव, रक्त, भूल, कृत्रिम श्वास यांमुळे तो गेल्या शंभरेक वर्षांत दुसऱ्या आठवड्यापर्यंत जगू लागला. त्या आठवड्यात त्याच्या शरीरावर जे ओढवते, त्यासाठी निवड झालेले कोणतेही उत्तर शरीरापाशी नाही. हे उत्तर वैद्यकालाच शोधावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. रानातली जखम मातीने, शेणाने, प्राण्याच्या लाळेने माखलेली असते, मग संसर्गासाठी प्रतिकारशक्तीची एवढी चर्चा कशाला? घाण जखमेचा धोका खराच आहे. ती भरपूर पाण्याने धुणे, मेलेली ऊती काढणे, धनुर्वाताची लस देणे आणि प्राण्याने चावले-ओरबाडले असेल तर रेबीजची लस व गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिन देणे, याला पर्याय नाही. पण तिसऱ्या गटातले पुष्कळ रुग्ण अशा जखमेने मरत नाहीत. कातडी कुठेही न फाटता मांडी आणि बरगड्या मोडलेल्या माणसाला सातव्या दिवशी न्यूमोनिया होतो. निर्जंतुक खोलीत, स्वच्छ पोट उघडून आतड्याचा भाग काढलेल्या रुग्णालाही होतो. यावर म्हणता येईल की तो श्वासनळीतल्या नळीमुळे, लघवीच्या नळीमुळे, शिरेतल्या सुईमुळे होतो. नळ्या जंतूंना वाट देतात हे खरे आणि म्हणून त्या लवकर काढाव्यात हेही खरे. परंतु त्याच अतिदक्षता विभागात, तशाच नळ्या असलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या मोनोसाइट पेशी दुबळ्या राहिल्या, त्यांना संसर्ग अधिक होतो असे अभ्यास सांगतात. नळीमुळे जंतू आत येतात, पण ते आत टिकतात की मरतात हे प्रतिकारयंत्रणेच्या अवस्थेवर ठरते.

मग प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध द्या, असे कुणीही म्हणेल. बाजारात त्या नावाने चूर्णे, काढे, गोळ्या आणि इंजेक्शने विकली जातात, आणि हवालदिल कुटुंब त्यावर पैसे खर्च करते. ज्या अवस्थेत एक बाजू भडकलेली आणि दुसरी खचलेली आहे, तिथे नेमके काय वाढवायचे, हा प्रश्न विक्रेत्याला विचारला जात नाही. संशोधकांनी दोन्ही दिशांनी प्रयत्न करून पाहिले आणि त्यांचे हात पोळले. दाह दाबण्यासाठी डोक्याला मार लागलेल्यांना स्टिरॉइड द्यायची पद्धत जुनी होती. सुमारे दहा हजार रुग्णांच्या एका जागतिक चाचणीत २००४ साली दिसले की स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के. ती पद्धत तिथेच थांबली. तीव्र जंतुदोषावरचे एक महागडे प्रथिन मोठ्या आशेने बाजारात आले आणि फायदा सिद्ध न झाल्यामुळे २०११ मध्ये मागे घेतले गेले. दाहाचे एकेक द्रव्य अडवणारी आणखी कित्येक औषधे उंदरांवर यशस्वी होऊन माणसांवर निष्प्रभ ठरली. उंदीर या बाबतीत माणसाचे चांगले प्रतिरूप आहे की नाही, यावर २०१३-१४ मध्ये शास्त्रज्ञांत जोरदार वाद झाला. एकाच माहितीच्या साठ्यावरून दोन गटांनी उलट निष्कर्ष काढले. खचलेली बाजू सावरणाऱ्या काही द्रव्यांवर अजून काम चालू आहे. प्रत्येक रुग्णाची अवस्था मोजून त्यानुसार औषध देण्याची दिशा मला आश्वासक वाटते. परंतु आज जोयड्यातल्या जखमीला देता येईल अशी प्रतिकारशक्तीची गोळी अस्तित्वात नाही.

गोळी नाही म्हणून काहीच करता येत नाही, असे मात्र नाही. प्रतिक्रियेची मात्रा जखमेच्या आकाराइतकीच जखमेनंतरच्या उपेक्षेवरही ठरते. शरीरात रक्त कमी पडले की ऊतींना प्राणवायू मिळत नाही, आणखी पेशी मरतात, आणखी तंतुकणिका सांडतात. रक्तस्राव जितका वेळ चालू, तितका पुढचा गोंधळ मोठा. म्हणून रक्त थांबवणे हाच प्रतिकारशक्तीचा पहिला उपचार आहे. यासाठी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे जुने, स्वस्त औषध उपयोगी पडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत भारतातले रुग्णही मोठ्या संख्येने होते. पहिल्या तासात औषध मिळाले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले; तीन तासांनंतर दिले तर फायदा नाहीच, उलट असे मृत्यू वाढल्याचे दिसले. अणशी किंवा कॅसलरॉकच्या बाजूने बेळगाव-बांबोळीकडे निघालेल्या रुग्णवाहिकेचे तीन तास रस्त्यातच सरू शकतात. हे औषध शेवटच्या रुग्णालयात ठेवून उपयोग नाही, ते रुग्णवाहिकेत आणि तालुक्याच्या दवाखान्यात हवे. ऊब हा दुसरा उपचार. मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांच्या १९९६ सालच्या चाचणीत ज्यांचे अंग शस्त्रक्रियेदरम्यान गार पडू दिले त्यांच्यात जखमेचा संसर्ग १९ टक्के, ज्यांना उबदार ठेवले त्यांच्यात ६ टक्के. तापमानातला फरक फक्त दोन अंशांचा होता. मुसळधार पावसात भिजलेला जखमी ओल्या कपड्यांनिशी दोन तास प्रवास करतो, तेव्हा हाच धोका सोबत घेऊन जातो. ओले कपडे काढून कोरडी घोंगडी लपेटायला डॉक्टर लागत नाही.

शल्यचिकित्सकांनीही यातून आपली रीत बदलली. पूर्वी पहिल्याच दिवशी सगळी हाडे पक्की बसवण्याकडे कल असे. जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे हान्स-ख्रिस्तॉफ पापे यांच्यासारख्यांनी दाखवले की अत्यवस्थ रुग्णावर लांबलचक शस्त्रक्रिया करणे म्हणजे भडकलेल्या शरीरावर दुसरा घाव घालणे. आता अशा रुग्णात आधी रक्त थांबवतात, पोट स्वच्छ करतात, हाडाला बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावून स्थिर करतात, आणि पक्की शस्त्रक्रिया काही दिवसांनी, शरीर निवळल्यावर करतात. नातेवाइकांना ही दिरंगाई वाटते. ती उपचाराचाच भाग असते. रक्त चढवण्याबाबतही हात आखडता आला आहे. दुसऱ्याचे रक्त प्रतिकार काहीसा दाबते, हे मूत्रपिंड रोपणाच्या रुग्णांत १९७३ सालीच लक्षात आले होते. चालू रक्तस्रावात रक्त जीव वाचवते, त्यात शंका नको. पण रक्तस्राव थांबल्यावर, हिमोग्लोबिन सातच्या वर असताना, केवळ आकडा सुधारावा म्हणून पिशव्या चढवण्यात बहुतेक रुग्णांचा फायदा नसतो.

आहाराविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथे कुटुंबाचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि गैरसमजही सर्वांत खोल आहेत. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात हाडे मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतले नायट्रोजन मोजले आणि त्यांना आढळले की अंथरुणात पडून असलेले शरीर स्वतःचे स्नायू भराभर जाळते आहे. नव्या पांढऱ्या पेशी, जखम भरणारी ऊती, यकृतातली प्रथिने या सगळ्यांचा कच्चा माल या स्नायूंतून येतो. बाहेरून प्रथिने मिळाली नाहीत तर हे कर्ज फिटत नाही. गंभीर आजारात रोज दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे आजचे मार्गदर्शन आहे, म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते १०० ग्रॅम. आपल्याकडे मात्र जखम पिकेल म्हणून अंडी, मासे, मटण, कधी डाळसुद्धा बंद करतात आणि हलके म्हणून आठवडाभर भाताची पेज देतात. मऊ पेज पहिल्या दिवसांत पोटाला सोसते, ती वाईट मुळीच नाही. जोयड्याच्या कुणबी घरांत निगुतीने जपलेले कंदही उत्तम ऊर्जा देतात. पण दोन्हींत प्रथिने फार थोडी आहेत. डॉक्टरांनी तोंडाने घ्यायला परवानगी दिली की पेजेत मुगाची डाळ, सोबत अंडे, ताक, मासा असे यायलाच हवे. मासा खाल्ल्याने जखम पिकत नाही, प्रथिनांच्या उपासाने ती उघडी राहते. तोंडाने घेता येत नसेल तर नाकातल्या नळीवाटे पोटात अन्न देणे शिरेतून देण्यापेक्षा सरस ठरते. पोटाला मार लागलेल्या रुग्णांच्या १९९२ सालच्या चाचणीत नळीने अन्न मिळालेल्यांना न्यूमोनिया कमी झाला. मधुमेह असेल तर साखर आवाक्यात ठेवणे याच यादीतले काम.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत एक मोठी सोय असते: तारीख आधी ठाऊक असते. अंगातला रक्तक्षय भरून काढायला, तंबाखू आणि विडी सोडायला, खाणे सुधारायला काही आठवडे हाती मिळतात. शक्य तिथे दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया कमी ऊती फाडते आणि दाहाची द्रव्येही कमी सुटतात. शस्त्रक्रियेच्या त्या थोड्या तासांना किती महत्त्व असू शकते, याचा एक पुरावा मुंबईतून आला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली ११ भारतीय केंद्रांत सुमारे १,६०० महिलांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी तिच्याभोवती साधे बधिरीकरणाचे औषध टोचलेल्यांपैकी पाच वर्षांनी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. हा परिणाम प्रतिकारयंत्रणेमार्फतच झाला असे त्यातून सिद्ध होत नाही. संशोधकांचा रोख पेशींच्या विद्युत्मार्गांवर आहे. पण सुरीच्या क्षणी शरीरात जे घडते त्याचे पडसाद वर्षांनुवर्षे उमटू शकतात, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

शेवटचा आक्षेप खुद्द ट्रंकींच्या आलेखावरचा आहे. सुसज्ज आघातसेवा असलेल्या अनेक ठिकाणी तो तिसरा उंचवटा अलीकडे खूपच सपाट झाला आहे. मग हा विषय जुना झाला का? माझ्या मते हीच वस्तुस्थिती इथल्या युक्तिवादाला बळ देते. प्रतिकारशक्तीचे कोणतेही नवे औषध न सापडता तो उंचवटा सपाट झाला. लवकर थांबवलेले रक्त, ऊब, बेताच्या शस्त्रक्रिया, वेळेवरचे अन्न यांनी तो झाला. शिवाय वाचलेल्यांपैकी काहींची अवस्था महिनोन्महिने रेंगाळते. धुमसता दाह, वारंवार संसर्ग, झिजलेले स्नायू, असे या अवस्थेचे वर्णन फ्लोरिडातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये केले. उत्तर कन्नडमध्ये सुसज्ज रुग्णालय व्हावे म्हणून २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये लोकांनी जोरदार मोहीम चालवली. ती मागणी रास्त आहे. पण मोठे रुग्णालय कारवारला किंवा कुमठ्याला झाले तरी जोयड्याहून तिथला रस्ता लांबच राहणार आहे. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात रक्तसाठा केंद्र, हाड स्थिर करण्याची साधने, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि ते कधी द्यायचे हे जाणणारी परिचारिका असणे, ही मागणी त्या मोठ्या मागणीच्या बरोबरीने उभी राहायला हवी.

आणि घरी सोडल्यानंतरही एक काम उरते, ते पाणथरी (प्लीहा) काढलेल्या रुग्णांचे. पोटाला मार बसला की पाणथरी फाटून मोठा रक्तस्राव होतो, आणि जीव वाचवण्यासाठी ती कधी कधी काढावी लागते. पाणथरी न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळून काढते. ती नसलेल्या लहान मुलांत अतितीव्र जंतुदोष होतो हे १९५२ मध्ये नोंदले गेले, आणि हा धोका कमीअधिक प्रमाणात आयुष्यभर राहतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लशी त्यावर उपलब्ध आहेत. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर त्या लगेच न देता सुमारे चौदाव्या दिवशी देणे पसंत करतात, कारण पहिल्या दिवसांत खचलेले शरीर पुरेशी उपयुक्त प्रतिद्रव्ये तयार करत नाही. पण चौदाव्या दिवशी रुग्ण बहुधा बेळगावात किंवा बांबोळीत नसतो, तो कुंभारवाड्याकडच्या आपल्या घरी असतो, आणि घरून पुन्हा एवढा प्रवास करणे कुणालाच परवडत नाही. परतण्याची खात्री नसेल तर घरी सोडतानाच लस टोचणे बरे. नाहीतर डिस्चार्ज कार्डावर पाणथरी काढल्याची नोंद, लशींची नावे आणि तारीख ठळक लिहून ते कार्ड जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशा कार्यकर्तीच्या हाती पोचवले पाहिजे. कार्डावर आणखी एक ओळही लागते: थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखान्यात या.